सव्वा तासाचे विमान आणि आपले इचोडा

आदिलाबादला विमानतळ होणार या बातमीने आपल्याकडे पुष्कळ उत्साह आहे. निजामाच्या काळापासून पडून असलेली तिथली धावपट्टी नागरी विमानांसाठी वापरायला हवाई दलाने 2025 मध्ये हिरवा कंदील दाखवला. आनंदच आहे. पण थोडा हिशोब मांडू.

हैदराबाद–नागपूर हवाई अंतर सुमारे 430 किलोमीटर. जेट विमान आकाशात एवढे अंतर अर्ध्या-पाऊण तासात कापते. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ असतो, कारण धावपट्टीपर्यंत सरकणे, चढणे, उतरणे, थांबण्याच्या जागी येणे हे सगळे त्यात धरलेले असते. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ कोणी धरत नाही. आणि आपले खरे दुखणे तेच.

नकाशावर पट्टी ठेवून पाहा, ही दोन शहरे जोडणारी रेषा जवळजवळ आपल्या डोक्यावरून जाते. पण विमान गाठायचे तर एकीकडे शमशाबाद, रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे, दुसरीकडे नागपूर, सव्वादोनशेच्या आसपास. मार्च 2008 पर्यंत हैदराबादची विमाने बेगमपेटहून सुटत. ते आपल्या बाजूला होते. आता मेडचलहून आउटर रिंग रोडने अख्ख्या शहराला वळसा घालून दक्षिणेला जावे लागते. नागपूरचे विमानतळ मात्र वर्धा रोडवर, म्हणजे आपण ज्या बाजूने शहरात शिरतो तिथेच. मुंबई-दिल्लीला जाणाऱ्याने आधी नागपूरचे भाडे पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. राजधानी हैदराबाद म्हणून सगळी कामे तिकडूनच झाली पाहिजेत असे थोडेच आहे!

आता आदिलाबादचे विमान. इचोड्याहून तीस किलोमीटर, तासभर आधी हजेरी, तासाभराचा प्रवास, मग शमशाबादहून शहरात येणे. बेरीज चार तासांच्या घरात जाते. बसला पाच-सहा तास लागतात. एवढ्या फरकासाठी शेतकरी किंवा दवाखान्याला निघालेला माणूस किती पैसे मोजेल?

उडान योजनेचा अनुभवही पाहा. 2023 च्या कॅगच्या अहवालानुसार मंजूर 774 मार्गांपैकी 371 वरच विमाने सुरू झाली. सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली 112 मार्गांनी, आणि त्यानंतरही टिकले फक्त 54. बँकेत अशी कर्जे बुडाली असती तर साहेबांची बदली झाली असती.

म्हणून विमानतळाला विरोध नाही, पण नुसत्या इमारतीवर समाधान नको. मते मागायला येणाऱ्यांना दोन गोष्टी विचारा. पहिले विमान कुठले? हैदराबादपेक्षा मुंबई किंवा पुण्याचे असेल तर आपल्या मराठी भाषकांना खरा उपयोग, कारण तिकडे शिकणारी, नोकरी करणारी आपली मुले आहेत. दुसरे, आर्मूर–निर्मल–आदिलाबाद रेल्वेमार्गाचे काय? आजही आदिलाबादची गाडी मुदखेडमार्गे, म्हणजे महाराष्ट्रातून फिरून सिकंदराबादला जाते. सरळ मार्ग झाला तर त्याचा फायदा विमानात कधीही न बसणाऱ्यालाही होईल. पुढच्या निवेदनात हीच मागणी वर राहील, विमानतळ तिच्या खाली. सह्यांचे कागद बैठकीत ठेवले जातील.