दवाखान्याने दारी जावे

ज्वर आला की अंग तापते, हाड मोडले की ठणका लागतो. बहुतेक रोग आपले येणे असे आगाऊ कळवितात. हेपॅटायटिस सी हा रोग मात्र वीस-वीस, तीस-तीस वर्षे रक्तात मुक्काम करून अवाक्षर काढीत नाही, आणि तो प्रकट होतो तेव्हा यकृत कठीण होऊन आक्रसलेले, क्वचित कर्करोगाने ग्रासलेलेही असते. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. या विषाणूवरील संशोधनाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हाउटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिबंधक लस अद्याप नाही. औषध मात्र उत्तम आहे. बहुधा बारा आठवडे रोज गोळ्या घ्यावयाच्या, की शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रोगी पूर्ण बरे होतात. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर हे औषध निघाले, तेव्हा एका गोळीला हजार डॉलर पडत. पुढे भारतीय कारखान्यांनी ते स्वस्तात बनविले, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने आपल्या देशात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषध विनामूल्य केले.

मग अडले कोठे? आमच्या मते, दवाखान्याच्या पायरीवर.

मणिपूरचेच पाहा. म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या या राज्यात १९८० नंतरच्या दशकात हेरॉइन फोफावले. एकच सुई अनेक तरुणांच्या दंडांतून फिरली आणि तिच्याबरोबर एचआयव्ही व हेपॅटायटिस सी हे दोन्ही फिरले. अशा माणसाने इस्पितळात जावे म्हणजे काय करावे? प्रथम तपासणी प्रतिपिंडांची. ती रोगाचा संसर्ग कधीतरी झाला एवढेच सांगते. विषाणू आजही रक्तात आहे काय, हे कळण्यास दुसरी तपासणी. मग निकालासाठी एक हेलपाटा, गोळ्यांसाठी आणखी एक. दर खेपेस रोजगार बुडणार, ओळखीचे कोणी भेटणार, आणि 'हे कसे झाले?' हा प्रश्न चारचौघांत विचारला जाणार. चौथ्या खेपेला तो न आला, तर त्याला बेपर्वा म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

याच राज्यात व्यसनग्रस्तांच्या आपल्या संघटना आहेत आणि त्यांनी तपासणी वस्तीजवळच्या केंद्रांत आणण्यास पुढाकार घेतला, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. बोटाला टोचून काढलेल्या थेंबभर रक्तावर पहिली तपासणी काही मिनिटांत होते. दुसरीसाठीही आता लहान यंत्रे निघाली आहेत. शिवाय रक्त घेणारा, समजावणारा माणूस स्वतः त्या वाटेने गेलेला असला, म्हणजे समोरच्याला खोटे बोलण्याची गरज उरत नाही. हेरॉइनची ओढ शमविण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेण्यास अनेक जण अशा केंद्रांत रोज येतातच. त्याच खिडकीतून बारा आठवडे दुसरी गोळी देणे काय अवघड आहे?

यावर कोणी विचारतील, की ज्यांनी हा रोग आपल्या हाताने ओढवून घेतला त्यांच्यावर लोकांचा पैसा का खर्चावा? त्यांनी इजिप्तचा इतिहास आठवावा. तेथे १९५० ते १९८० च्या दरम्यान सरकारनेच पाण्यातील कृमींच्या रोगावर खेड्यापाड्यांतील लोकांना अँटिमनीयुक्त औषधाच्या सुया दिल्या. काचेच्या पिचकाऱ्या नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, आणि हेपॅटायटिस सी घरोघर पोहोचला. तेथे दोष कोणाचा? विषाणू सुई कोणी धरली हे पाहत नाही. पुढे २०१८-१९ मध्ये त्याच देशाने काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोक तपासले आणि रोग्यांना विनामूल्य औषध दिले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कार्याचा गौरव केला. रोग्याची पात्रता पारखीत बसले असते, तर हे घडते ना.

एक अडचण मात्र लपवून चालणार नाही. हा रोग बरा होऊनही पुन्हा जडू शकतो. एकदा झाल्याने संरक्षण मिळत नाही. म्हणून मणिपुरातील त्या खिडकीतून गोळीबरोबर नवी, कोरी सुईही मिळत राहिली पाहिजे, मग ती पाहून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी चालेल.