गणवेश कोठे अडतो?

राज्यातील सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एकाच रंगाचा गणवेश मोफत द्यावा, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने 2023 च्या ऑक्टोबरात घेतला. त्यानुसार 2024-25 या शैक्षणिक वर्षासाठी कापडाची खरेदी मध्यवर्ती पद्धतीने करण्याचे आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांतील स्त्रियांना देण्याचे ठरले. लाभार्थी विद्यार्थी सुमारे 45 लाख होते. गरिबांच्या मुलांना चांगले कापड मिळावे आणि त्यांच्याच गावांतील स्त्रियांना चार पैसे मिळावेत, या हेतूला नावे ठेवण्याचे कारण नव्हते. परंतु जूनमध्ये शाळा उघडल्या, तरी गणवेश आले नाहीत. स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदनही अनेक ठिकाणी जुन्याच कपड्यांत झाले. जेथे गणवेश पोहोचले, तेथे मापाच्या तक्रारी उद्भवल्या. अखेर 20 डिसेंबर 2024 रोजी शासनाने निर्णय फिरविला आणि गणवेशाची जबाबदारी पुढील वर्षापासून पुन्हा शालेय व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली.

या प्रकरणावर जी चर्चा झाली, ती मुख्यतः मध्यवर्ती खरेदी चांगली की स्थानिक, या वादाभोवती फिरली. तो वाद महत्त्वाचा आहे; परंतु मूळ दुखणे त्यात नाही. मागणी नोंदविल्यापासून माल हाती पडेपर्यंत जो काळ जातो, त्याला कापड व्यवसायात ‘लीड टाइम’ म्हणतात. हा काळ कशाचा बनलेला असतो आणि तो कोणाच्या हातात असतो, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. तो विचारल्याखेरीज खरेदीदार बदलला तरी उशीर बदलणार नाही.

विणण्यास वेळ लागत नाही

थोडा हिशेब मांडून पाहावा. एका विद्यार्थ्याच्या एका गणवेशास सरासरी दोन मीटर कापड लागते असे धरले, तर 45 लाख मुलांसाठी 90 लाख मीटर कापड हवे. साधा यंत्रमाग दिवसाला पन्नास मीटर कापड विणतो असे मानले, तर हे काम सहा हजार माग एका महिन्यात उरकतील. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर आणि विटे ही केंद्रे असलेल्या महाराष्ट्रात यंत्रमागांची संख्या लाखांत मोजली जाते. त्यांपैकी कित्येक माग मागणीअभावी बंद राहतात, अशी मागधारकांची नेहमीची तक्रार आहे. आकडे थोडे मागेपुढे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही. जूनमधील उशीर मागावर झालेला नसतो.

मग तो कोठे होतो? तो एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाताना होतो. सूतगिरणीतून निघालेले सूत व्यापाऱ्याच्या गोदामात पडते. तेथून ते सायझिंगला जाते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबते. खळ दिलेले बीम मागावर चढते. विणलेले कोरे कापड तपासणीसाठी आणि मग गाडीभर माल जमेपर्यंत थांबते. इचलकरंजीचे कोरे कापड रंगाई आणि प्रक्रियेसाठी अहमदाबाद, जेतपूर, पाली, बालोत्रा असा शेकडो मैलांचा प्रवास करते. तेथे पुन्हा रांग असते. मुंबईच्या जुन्या संयुक्त गिरण्यांत कापसाच्या गाठीपासून तयार ताग्यापर्यंतचा प्रवास एका आवारात होत असे. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तो काळ मागे पडला आणि यंत्रमागांकडे आधीच वळू लागलेले काम अधिकच विखुरले. आज प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा आहे. मालक बदलला की भाव, तपासणी आणि पैसे यांची नवी बोलणी सुरू होतात, आणि बोलणी मिटेपर्यंत कापड पडून राहते.

हे केवळ भारतात घडते असे नाही. 1980 नंतरच्या दशकात परदेशी कपड्यांच्या आयातीने अमेरिकेतील वस्त्रोद्योग हवालदिल झाला, तेव्हा कर्ट सामन असोसिएट्स या सल्लागार संस्थेने तेथील व्यवहाराची पाहणी केली. धाग्याच्या कच्च्या मालापासून ग्राहकाच्या हाती कपडा पडेपर्यंत 66 आठवडे जातात, असे तीत आढळले. त्यांपैकी प्रत्यक्ष कारखान्यात गेलेले आठवडे अवघे 11 होते. उरलेला काळ कापड गोदामात, वाटेत आणि दुकानाच्या फळीवर नुसते बसून होते. यंत्रे अधिक वेगाने पळवून हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यातून तेथील उद्योजकांना उमगले.

अनिश्चित ते शेवटी

शासकीय कचेऱ्यांतून यावर एक आक्षेप हमखास येईल. विद्यार्थ्यांची पटसंख्या जूनपर्यंत निश्चित होत नाही आणि मुलांची मापे आधी घ्यावीत तर मुले वाढतात. मग आगाऊ मागणी नोंदवायची कशाच्या आधारावर? हा आक्षेप खोटा नाही. तथापि त्यात दोन गोष्टींची गल्लत झालेली आहे. कोणत्या गावातील कोणत्या मुलास कोणते माप लागेल, हे डिसेंबरात सांगता येत नाही. परंतु साऱ्या राज्याला मिळून किती कापड लागेल, हा आकडा एका वर्षात फारसा हलत नाही. तेव्हा जे निश्चित आहे ते आधी करावे आणि जे अनिश्चित आहे ते शेवटपर्यंत लांबवावे, हाच मार्ग उरतो. इटलीतील बेनेटन या लोकरी कपड्यांच्या कंपनीने हेच केले. कोणता रंग खपेल याचा भरवसा नसल्याने तिने पांढरे स्वेटर आधी विणून ठेवले आणि मागणी कळल्यावर ते रंगविले. गणवेशाच्या बाबतीत रंग ठरलेला असतो; अनिश्चित असते ते माप. म्हणून कापड विणून आणि रंगवून आधी तयार असावे आणि कापणी मात्र उन्हाळ्यात, शाळेच्या जवळ, मुलाला समोर उभे करून व्हावी. उरलेले कापड वाया जाण्याचे भय नाही; रंग कायम राहिला तर ते पुढील वर्षी उपयोगी पडेल.

शिलाईचा हिशेब तर अधिक बोलका आहे. एक स्त्री दिवसाकाठी चार गणवेश शिवते असे धरले, तर 45 लाख गणवेश शंभर दिवसांत पुरे करण्यास सव्वाअकरा हजार स्त्रिया लागतील. तेच काम वीस दिवसांत हवे असेल, तर छप्पन हजारांहून अधिक लागतील. कचेरीत गेलेल्या ऐंशी दिवसांची किंमत अशा रीतीने शिलाई यंत्रावर वाकलेल्या स्त्रीकडून वसूल होते. घाईत शिवलेल्या कपड्याची शिवण उसवली की दोषही तिच्याच माथी येतो.

मागून पुढे मोजणी

15 जूनला गणवेश मुलाच्या अंगावर हवा असेल, तर मार्च ते मे हे शिलाईचे महिने होत. त्यासाठी रंगविलेले कापड फेब्रुवारीअखेर गावागावांत पोहोचले पाहिजे. म्हणजे कोरे कापड डिसेंबरअखेर आणि सूत नोव्हेंबरात हवे. याचा अर्थ मागणी दिवाळीपूर्वी नोंदली गेली पाहिजे. 2023 च्या ऑक्टोबरातील निर्णयापासून पुढील जूनपर्यंत आठ महिने होते. ते कापडाला अपुरे नव्हते. मध्ये लोकसभेची निवडणूक आली, हे खरे. पण ती काही अकस्मात आलेली नव्हती.

येथेच खरी अडचण आहे. सरकारी वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, शाळेचे जूनमध्ये आणि कापडाचे दिवाळीच्या आसपास. तरतूद, मंजुरी, निविदा आणि वितरण या क्रमाने पैसा खाली येतो, तोवर पाऊस सुरू झालेला असतो. गणवेशाची रक्कम शालेय समितीच्या खात्यात जमा करण्याची पद्धतही या दोषातून मुक्त नाही. रक्कम उशिरा आली, तर मुख्याध्यापकास दुकानदाराकडे उधारीचे आर्जव करावे लागते. त्यातही साऱ्या तालुक्यातील समित्या एकाच आठवड्यात बाजारात उतरल्या, तर भाव आणि दर्जा यांचे काय होणार हे सांगावयास नको. तेव्हा खरेदी कोणीही करो, शाळा सुरू होण्यापूर्वी किमान चार महिने पैसा उपलब्ध असला पाहिजे. केरळ राज्याने 2017 पासून शालेय गणवेशासाठी हातमागाचे कापड घेण्यास प्रारंभ केला. त्यामागील विचार असा की दरवर्षी येणारी मागणी ही विणकराला मिळालेली कामाची हमी आहे. महाराष्ट्रात तीच मागणी दर जूनला संकट म्हणून उभी राहावी, हे खेदजनक आहे.

पैसा जसा वेळेवर निघावयास हवा, तसा तो वेळेवर पोहोचावयासही हवा. लघुउद्योगाचे देणे 45 दिवसांच्या आत द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. परंतु खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीने विणून देणारा यंत्रमागधारक त्या कायद्याचे नाव काढण्यास धजत नाही. कारण पुढचे बीम त्याच व्यापाऱ्याकडून यावयाचे असते. मजुरी थकली की माग थांबतो, आणि माग थांबला की पुढील साऱ्यांचा उशीर वाढतो. थकलेली मजुरी हेही कापडाच्या दिरंगाईचे एक कारण आहे, आणि निविदेच्या अटी लिहिणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावयास हवे.

सुखवस्तू घरातील मुलाच्या गणवेशास उशीर झाला, तर आई-वडील बाजारातून दुसरा आणतात. ज्याला हा मार्ग नाही, त्याच्यासाठीच ही योजना आहे. ते मूल शाळेच्या पहिल्या दिवशी गेल्या वर्षीचा आखूड सदरा घालून रांगेत उभे राहते, आणि त्याच्या पालकांना उत्तर देण्याची वेळ येते ती वर्गशिक्षकावर. शाळा उघडण्याचा दिवस वर्षभर आधी ठाऊक असतो. तो गृहीत धरून दिवाळीपूर्वी एक कागद निघणे, एवढेच शासनाच्या हातात आहे आणि एवढेच पुरेसे आहे.