ठासून सांगा, पण हातचा दाखवून!

परवा ‘सी’च्या व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी विचारलं, “असर्ट म्हणजे काय रे?” मी छातीठोकपणे सांगून टाकलं, “सिद्ध करणे, सर!” सर हसले. म्हणाले, “तू आत्ता जे केलंस ना, ते असर्ट. सिद्ध अजून काहीच झालेलं नाही.” मार्क गेले, पण शब्द डोक्यात राहिला.

रूमवर येऊन डिक्शनरी काढली. ‘से’ म्हणजे नुसतं सांगणं. ‘क्लेम’ म्हणजे दावा. तो खरा की खोटा, ते अजून ठरायचंय. ‘प्रूव्ह’ म्हणजे पुरावा देऊन पटवणं. आणि ‘असर्ट’ म्हणजे ठासून सांगणं, आपल्या शब्दामागे स्वतः उभं राहून. शब्द मूळचा लॅटिन. प्राचीन रोममध्ये गुलाम म्हणून ठेवलेला एखादा माणूस खरं तर स्वतंत्र आहे, असं त्याच्या वतीने कोर्टात उभं राहून सांगणाऱ्याला ‘असर्टर’ म्हणत. म्हणजे हा शब्द जबाबदारी घेणाऱ्याचा, नुसता आवाज चढवणाऱ्याचा नव्हे.

आपल्या क्षेत्रात तो अ‍ॅलन ट्युरिंगनेही वापरला. 1949 साली केंब्रिजच्या परिषदेत त्याने प्रश्न मांडला: प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचं कसं? त्याचं उदाहरण अगदी प्राथमिक शाळेतलं. मोठ्या बेरजेचं नुसतं उत्तर दिलं तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. पण हातचे लिहून ठेवले तर एकेक रकाना वेगळा तपासता येतो. प्रोग्रॅमरनेही असेच जागोजागी ‘हातचे’ लिहावेत, म्हणजे ठाम विधानं करावीत, असं त्याचं म्हणणं.

‘सी’मधलं असर्ट हेच करतं. कंसातली अट खोटी निघाली की ती अट, फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर छापून प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद! चूक कुठे झाली ते लपवायला जागाच नाही. पण ‘एनडीबग’ डिफाइन केलं की सगळे असर्ट गप्प बसतात. कोडमध्ये दिसतात, तपासत मात्र काही नाहीत.

मित्रांनो, आपली जर्नल्स अशीच ‘एनडीबग’वर चालतात की नाही? फर्स्ट इयरला माझं झीनर डायोडचं प्रॅक्टिकल फसलं होतं. रीडिंग्ज सिनियरच्या जर्नलमधून उतरवली. ग्राफ असा गुळगुळीत आला की पुस्तकाने लाजावं! सर्टिफिकेटच्या पानावर सही झाली, आणि डायोड कुठे जळला हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. खरं शिकायचं होतं ते नेमकं तिथेच होतं.

दोष एकट्या पोरांचा नाही. चुकलेल्या पण खऱ्या रीडिंगला मार्क कमी, आणि चोरलेल्या सुंदर ग्राफला ‘गुड’, असं असेल तर कोण खरं लिहील? म्हणून सरांना, मॅडमना विनंती: “माझं उत्तर चुकलं, बहुधा अमुक कारणाने,” असं लिहिणाऱ्यालाही मार्क द्या.

उद्या आपल्यातलाच कुणी पुलाच्या, बॉयलरच्या रिपोर्टवर सही करणार आहे. सही म्हणजेसुद्धा असर्टच. ती खोटी निघाली तर ओळीचा नंबर छापून कुणी आधी सांगणार नाही. तेव्हा सवय आत्तापासूनच लावू या. ठासून जरूर सांगा, पण हातचा दाखवून!