लॅपटॉप आत्ता घ्यावा की दिवाळीनंतर?



डिसेंबरमध्ये आमच्या घरी लॅपटॉप आला. खरं तर तो एप्रिलमध्येच यायला हवा होता. उशीर माझ्यामुळे झाला, म्हणून त्याबद्दल लिहायचंही मलाच आहे.

आमची सूनबाई लग्नाआधी चंद्रपूरला टॅली शिकली. भामरागडच्या बाजारातल्या चार दुकानदारांनी तिला एप्रिलमध्ये विचारलं, "ताई, आमचं जीएसटीचं काम कराल का?" आत्तापर्यंत त्यांची बिलं पिशवीत भरून एसटीने अहेरीला जायची. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की पिशवी इकडेच राहायची. रिटर्नला उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी. गावातच कोणी करणारं मिळालं तर त्यांना हवंच होतं. प्रत्येकी महिन्याला 600 रुपये ठरले.

दुकानातला आमचा कॉम्प्युटर 2016 चा. सुरू व्हायलाच त्याला एक सामायिक लागतं (हे थोडं वाढवून सांगतेय). शिवाय लाईट गेली की तो बंद, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते मोजणंच आम्ही सोडलंय. टॅलीचं काम मोबाईलवर होत नाही. म्हणून सूनबाई म्हणाली, "आई, लॅपटॉप घेऊ या का? 42,000 चा बघून ठेवलाय."

मी म्हटलं, "थांब गं. जूनमध्ये शाळा-कॉलेज उघडताना ऑफर येतात."

जून आला. ऑफर होती, पण तेवढ्यात भाच्याने सांगितलं की याच्यापेक्षा चांगला प्रोसेसर येतोय, थोडं थांबा. थांबलो. मग 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. आता तर थांबायलाच हवं! मी बी.कॉम. झालेली बाई, 42,000 वर किती टक्के वाचतील याचे आकडे दिनदर्शिकेच्या मागे मांडून ठेवले. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला आणि 22 तारखेपासून नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही, एसी 28 वरून 18 वर आले. लॅपटॉप आधीही 18 मध्ये होता, नंतरही 18 मध्येच. तो 28 मध्ये कधी नव्हताच, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्याच दुकानातल्या बिलावर छापलेलं होतं.

मग म्हटलं दिवाळी. तोपर्यंत 14 ऑक्टोबरला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशीनवर विंडोज 11 टाकायला गेलो तर चालेना, कारण इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि आमचा सहाव्या पिढीचा. नोंदणी केली तर ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, पण परक्याच्या हिशेबाची जोखीम अशा मशीनवर घ्यायला सूनबाई तयार नव्हती. तिचं बरोबर होतं.

आणि दिवाळीनंतर भाव उतरायच्या ऐवजी चढले. कारण ऐकून मी थक्क झाले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना इतकी मेमरी लागतेय की कंपन्यांनी माल तिकडे वळवला आणि साध्या लॅपटॉपच्या रॅमची टंचाई झाली. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल या नावाने किरकोळ ग्राहकाला माल विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत कोणी गोदाम बांधतं आणि भामरागडची सून 4,500 रुपये जास्त मोजते. तोच लॅपटॉप आम्हाला 46,500 ला पडला.

आता खरा हिशेब बघा. चार दुकानं, 600 रुपये, आठ महिने: 19,200 रुपये. चार-पाच हजार वाचवण्यासाठी एवढी कमाई मी घालवली आणि वाचले तर काहीच नाही. त्यातले दोन दुकानदार वाट बघून दुसरीकडे गेले, त्यांनी वर्षभराचं काम तिकडे देऊन टाकलं. वर इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात वस्तू 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. डिसेंबरमध्ये घेतल्यामुळे तिथेही निम्मं. कॉलेजात मी घसाऱ्याचे तक्ते रात्र-रात्र सोडवले होते, त्याचा उपयोग हा असा झाला.

पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली आहे. 26 ऑगस्ट 1982 ला आमचा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, त्याच वर्षी मी बी.कॉम. झाले. लग्न करून इकडे आले तेव्हा सासऱ्यांना म्हटलं होतं की दुकानाची खातेवही मी लिहिते, पुढची परीक्षाही देते. ते वाईट नव्हते. "बघू ना, थोडं स्थिरस्थावर होऊ दे," एवढंच म्हणाले. मग मुलं झाली, दुकान वाढलं, सासूबाई आजारी पडल्या. कोणी कधी नाही म्हटलंच नाही मला, फक्त थांबायला सांगितलं. आणि चाळीस वर्षांनी मी सुनेला तेच शब्द वापरले, ते कळलं ऑक्टोबरमध्ये, तिने एकदाही न कुरकुरता "बरं आई" म्हटलं तेव्हा. मी पण असंच म्हणायचे.

मी थांबत होते त्याला मनात संयम असं नाव दिलं होतं. परिग्रह कमी, घाई नाही, वगैरे. दशलक्षणात शौच धर्माच्या दिवशी लोभावर स्वाध्याय ऐकून उठले आणि दुपारी मोबाईलवर तीन ठिकाणचे भाव ताडून बघत बसले. तेव्हा हसू आलं नाही, आता येतं. परिग्रहाला मर्यादा घालायची म्हणजे किती वस्तू ठेवायच्या ते आधी ठरवायचं. घरात एकच लॅपटॉप, हे ठरलेलंच होतं. त्या एकातही सगळ्यात नवा, सगळ्यात स्वस्त आणि तोही आपल्यालाच मिळावा, हा लोभच. तो थांबण्याच्या रूपात येतो म्हणून ओळखू येत नाही.

थांबूच नये असं मी म्हणत नाही. मला स्वतःला मोठ्या पडद्याचा टॅब हवासा वाटतो, हे लेख लिहायला. पण लेख मोबाईलवर होतात, काही अडत नाही. तिथे मी खुशाल दोन वर्षं थांबेन. काम दारात उभं आहे की नाही, एवढं बघायचं. उभं असेल तर आजचा लॅपटॉप बरा, कारण पुढचा चांगला कायमच येत असतो. 1983 साली अमेरिकेत ओस्बोर्न नावाच्या कॉम्प्युटर कंपनीने पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली, लोक त्यासाठी थांबले, जुना माल पडून राहिला आणि सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, असं सांगतात. तेव्हाही लोक थांबतच होते.

घेताना मात्र आमच्यासारख्या गावातल्या बायकांनी प्रोसेसरच्या नावापेक्षा दुसरं काही विचारावं. घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का? आम्ही पहिल्यांदा पाहिलेल्याला नव्हती. "घरी येऊन" असं मोठ्या अक्षरात, आणि कुठे येणार नाही ते बारीक अक्षरात. रॅम नंतर वाढवता येते का, की बोर्डावर पक्की बसवलेली आहे? वाढवता येत असेल तर आत्ता 8 जीबी घेऊन भाव उतरल्यावर आणखी टाकता येते, म्हणजे थांबायचंच असेल तर तेवढ्यापुरतं थांबा. बॅटरी खरी किती तास चालते ते दुकानातल्या माणसाला नाही, वापरणाऱ्याला विचारा. आणि बिल जीएसटी नंबरावर घ्या, दुकानाच्या कामासाठी असेल तर टॅक्सचं क्रेडिट मिळतं.

पुरात नेटही जातं, हे खरं. तेव्हा लॅपटॉप असता तरी ऑगस्टचं रिटर्न अडकलं असतं, असं मुलगा म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून. पण बिलं नोंदून तयार राहिली असती आणि रेंज आल्या आल्या गेली असती. मी त्याला तसं सांगितलं.

राहिलेल्या दोन दुकानांचं काम सूनबाईने डिसेंबरमध्येच सुरू केलं. 20 जानेवारीला दुपारपासून लाईट नव्हती. संध्याकाळी सामायिकाहून उठले तर ती ओसरीत बसून दुसरं रिटर्न भरत होती. मला म्हणाली, "आई, ही बेरीज एकदा बघता का?" चष्मा आणायला आत गेले. बेरजेत 90 रुपयांचा फरक होता, तो मी शोधून दिला. आता लॅपटॉपसाठी भिंतीत उंचावर एक फळी ठोकून घेतोय. 2019 च्या पुरात बाजारात पाणी शिरलं होतं, त्याच्या खुणेच्या हातभर वर.