माळेचे बळ

आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत, तर तुकोबारायांची नाना पेठेत विसावते. दर्शनास आलेले कित्येक जण आम्हां कीर्तनकारांस विचारतात, ‘बुवा, चित्त थाऱ्यावर नाही, कोणता जप करू?’ जप अवश्य करावा. परंतु आधी माळकऱ्याकडे पाहावे. तुळशीची माळ घालताना तो मद्यमांस सोडतो आणि ते सुटलेले राहते, कारण दिंडीतले दहा जण त्याला सांभाळीत असतात. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनमुक्तीसाठी उपचारांसवे गटात मोकळे बोलण्यावर भर असतो. एकट्याने मनात धरलेला संकल्प (चातुर्मासातील चहात्याग आठवावा!) चार दिवसांत मोडतो. ज्याची झोप उडाली आहे, त्याने ते घरच्यांस सांगावे, डॉक्टरांकडे जावे, आणि जागरण एकादशीच्या कीर्तनापुरतेच ठेवावे.