तंबाखूविक्रीस जन्मवर्षाची मर्यादा

पुण्यातील येरवडा येथे आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी १९४२ साली आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात तंबाखूचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. चुलत्यांनी टाकलेली थोटके ओढणे व त्यापायी नोकरांचे पैसे चोरणे, हा स्वतःच्या बाळपणीचा प्रकार त्यांनी आत्मचरित्रात यापूर्वीच सांगितला होता. व्यसनाची लागण बहुधा या कोवळ्या वयातच होते.

२००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे, हा गुन्हा आहे. परंतु अठरावा वाढदिवस उजाडताच दुकानाचे दार मोकळे होते. यावर उपाय म्हणून वयाऐवजी जन्मवर्ष धरण्याची कल्पना पुढे आली. न्यूझीलंडने २०२२ साली तसा कायदा केला. पुढे सरकार बदलले व २०२४ साली तो रद्द झाला. मालदीवने मात्र १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांस तंबाखूविक्री कायमची बंद केली. महाराष्ट्राने हाच मार्ग धरावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर शेतकरी विचारील की, आमच्या पिकाचे काय? हा प्रश्न रास्त आहे. निपाणीच्या काळ्या जिराईत रानात तंबाखूइतका रोख पैसा देणारे पीक पिढ्यान्‌पिढ्या दुसरे नव्हते. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग अडविला, तेव्हा ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. अशा पिकावर एका फटक्यात बंदी घालणे अन्यायाचे होईल. जन्मवर्षाच्या नियमाने आजचे गिऱ्हाईक तुटत नाही. मागणी वर्षागणिक थोडीथोडी घटते व पीक पालटण्यास शेतकऱ्याला एका पिढीचा अवधी मिळतो. मात्र हा अवधी नुसता हातावर हात ठेवून दवडता कामा नये. तंबाखूचा व्यापारी उचल घेऊन दारी येतो. हरभरा वा सोयाबीनचा हमीभाव जाहीर होऊनही खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची शाश्वती नसते. ही उणीव भरून निघेपर्यंत पीक बदलण्याचा उपदेश कोणाच्या गळी उतरणार नाही. सोलापूरकडे घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचाही विचार याच वेळी झाला पाहिजे.

एका राज्याने एकट्याने पाऊल उचलले तर काय होते, हे गुटख्याने दाखविले आहे. आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे, तरी चोरट्या वाटेने पुड्या येतच राहिल्या. तंबाखूच्या बाबतीत आज उलट स्थिती आहे. कर्नाटकाने आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती करून २०२५ साली वयोमर्यादा २१ केली. तेव्हा निपाणीत ज्या वीस वर्षांच्या मुलास नकार मिळावयाचा, त्याला शेजारच्या कागलला कायद्याची आडकाठी नाही.

दुसरे असे की, केवळ विडी-सिगारेटकडे पाहून भागणार नाही. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत ओढणारे ३.८ टक्केच, चघळणे, मिश्री लावणे इत्यादी प्रकार करणारे २४.४ टक्के. चुन्याबरोबर मळावयाची पुडी आणण्यास नातवालाच दुकानी धाडणारे आजोबा गावोगाव आहेत. अल्पवयीनाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे कित्येक दुकानदारांना ठाऊकही नसते!

नवा नियम आलाच तर त्याचा सारा भार जन्मनोंदीवर पडेल, आणि गावची ती वही ग्रामसेवकाच्या (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या) हाती असते. ऊसतोडणीच्या फडावर झालेल्या बाळंतपणांच्या नोंदी पुष्कळदा राहून जातात, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून त्या होत नाहीत. तोडणीहून परतलेल्या कुटुंबांची चौकशी करून त्या येत्या पावसाळ्याआधीच पुऱ्या करून घ्याव्यात.