जीर्णोद्धार : रंगाचा की तळाचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या इतिहास विभागाची सहल अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली होती. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे उभे आहेत. त्यांतल्या एका जुन्या धुडासमोर उभा राहून आमचा एक मित्र म्हणाला, "वर्षातून एकदा मस्त रंग मारला, की झाला जीर्णोद्धार! आणखी काय हवे?" सगळे हसले. मीही हसलो. परतीच्या एस.टी.त मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मित्राला जरा उशिरा दिलेले उत्तर आहे.

रणगाडा चौथऱ्यावर कोरडा उभा असतो. त्याला नुसता रंग दिला तर फार तर इतिहासाची थोडी फसवणूक होईल. कोणाच्या जिवाला धोका नाही. पण जी लष्करी गाडी रस्त्यावर धावते आणि तशीच पाण्यात उतरून तरंगते, तिचा जीर्णोद्धार केवळ रंगाने होईल का? अशा गाड्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन 'डक'. डी, यू, के, डब्ल्यू ही तिची कारखान्यातील खुणेची अक्षरे. 'डी' म्हणजे १९४२ चा आराखडा, 'यू' म्हणजे उपयुक्त वाहन, 'के' म्हणजे पुढच्या चाकांनाही गती आणि 'डब्ल्यू' म्हणजे मागे दोन चालते आस. सैनिकांनी या अक्षरांचे सरळ 'डक' म्हणजे बदक करून टाकले, आणि नाव शोभलेही!

ही गाडी जन्माला आली ती अडचणीतून. बंदर शत्रूच्या ताब्यात असले की जहाजाला किनाऱ्याला लागता येत नाही आणि ट्रकला पाण्यात जाता येत नाही. मग जहाजातला माल वाळूवर आणायचा कसा? शिडाच्या नौकांचे आराखडे करणारे धाकटे रॉड स्टीफन्स, दर्यावर्दी डेनिस प्युलस्टन आणि अभियंता फ्रँक स्पीअर यांनी जनरल मोटर्सच्या अडीच टनी, सहा चाकी ट्रकभोवती पोलादी पत्र्याची होडी बांधली. मागे पंखा बसवला, सुकाणू बसवले. लांबी सुमारे ३१ फूट, वजन सहा टनांहून अधिक. रस्त्यावर ताशी ५० मैल आणि पाण्यात जेमतेम सहा मैल! चाकांतली हवा चालकाला बसल्या जागेवरून कमी-जास्त करता येई, म्हणून वाळूत ती रुतत नसे.

सैन्याने प्रथम या बदकाकडे पाठच फिरवली होती. पण डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक गस्ती नौका वादळात वाळूच्या दांड्यावर अडकली. दुसरी कोणतीही होडी जवळ जाऊ शकेना. प्रात्यक्षिकासाठी तेथे आणलेली डक मात्र त्या लाटांत शिरली आणि सात जणांना घेऊन परत आली. विरोध मावळला. पुढे २१,००० हून अधिक डक तयार झाल्या. १९४३ साली सिसिलीत आणि १९४४ साली नॉर्मंडीत त्यांनी जहाजावरून किनाऱ्यावर मालाची अखंड ने-आण केली.

युद्ध संपले आणि हे बदक सहलीच्या धंद्यात उतरले. १९४६ पासूनच अमेरिकेत या गाड्यांतून हौशी प्रवाशांना रस्त्यावरून थेट तळ्यात नेण्याची सोय झाली. दुसरीकडे इंग्लंड-अमेरिकेतील काही छांदिष्ट माणसे मोडीत पडलेल्या डक शोधून वर्षानुवर्षे त्यांच्यावर खपू लागली. या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे. सडलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, गंजून एकजीव झालेले बोल्ट सोडवायचे, ही काही रविवारची करमणूक नव्हे. आणि तरीही, मित्रहो, या गाडीचे खरे मर्म पत्र्यात नाही. ते रबरात आहे!

जरा विचार करा. इंजिन होडीच्या आत, कोरड्यात. चाके मात्र बाहेर, पाण्यात. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत न्यायची तर फिरणारे दांडे होडीच्या तळातून बाहेर काढावे लागतात. म्हणजे ज्या तळाला भोक नसावे, त्याच तळाला मुद्दाम भोके पाडावी लागतात. ही भोके झाकतात रबराची आवरणे. गॅरेजमधले मिस्त्री त्याला 'बूट' म्हणतात. हा बूट जागेवर धरून ठेवते एक साधी पट्टी. त्यातूनही पाणी शिरलेच तर उपसण्यासाठी इंजिनाच्या शक्तीवर चालणारे दमदार पंप होते. बूट, पट्टी आणि पंप : प्रवाशाला यांतले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो झळझळीत रंग आणि उन्हासाठी घातलेले छत.

१ मे १९९९ रोजी अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात, हॅमिल्टन तलावात, 'मिस मॅजेस्टिक' नावाची १९४४ सालची एक डक बुडाली. पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच ती तळाशी गेली. २१ जणांपैकी १३ जण मृत्युमुखी पडले, त्यांत मुलेही होती. चौकशीत निष्पन्न काय झाले? ना शत्रूचा तोफगोळा, ना वादळ. मागच्या दांड्यावरचा रबरी बूट नीट पकडलेला नव्हता! देखभाल अपुरी होती. आणि गाडी बुडू लागल्यावर त्या शोभिवंत छताने माणसांची सुटकेची वाट अडवली. छते काढा आणि पाणी शिरले तरी गाडी तरंगत राहील अशी तजवीज करा, असे चौकशी मंडळाने बजावले. फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९ जुलै २०१८ रोजी मिसुरीतील टेबल रॉक तलावात, या वेळी वादळात, याच जातीची एक गाडी बुडाली आणि १७ जण गेले. तेथेही छत होतेच. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत कायदा झाला तो त्यानंतर. तहान लागल्यावर विहीर खणण्याची खोड केवळ आपलीच नाही, एवढाच काय तो दिलासा!

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. शुद्धतावादी म्हणतील, "जुन्या वस्तूत काहीही बदलू नये. १९४४ साली होते तस्सेच हवे." मला हे मान्य नाही. ही गाडी युद्धाच्या घाईत, जोखीम पत्करलेल्या सैनिकांसाठी बांधली होती. ऐंशी वर्षांनी सहकुटुंब फिरण्यासाठी नव्हे. जुने रबर जपून ठेवणे ही निष्ठा नव्हे, तो हट्ट आहे. दुसरे म्हणतील, "मग सुरक्षिततेसाठी हवे ते बसवा." तेही इतके सोपे नाही. २०१३ च्या सप्टेंबरात लंडनला थेम्स नदीत एका डकला आग लागली. सुदैवाने सर्व बचावले. तिच्या पोटात तरंगण्यासाठी फोमचे ठोकळे भरले होते. तेलाने माखलेल्या त्या ठोकळ्यांवर फिरता दांडा घासून आग लागली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. बुडू नये म्हणून केलेला उपाय जाळायला उठला! म्हणून नवे काही घालायचे तर आधी जुने यंत्र समजले पाहिजे.

माझे मत थोडक्यात असे. जीर्णोद्धाराची सुरुवात जेथे डोळा पोचत नाही तेथून व्हावी. रंग सर्वांत शेवटी. माणसे बसणार असतील तर आधी रिकामी गाडी उथळ पाण्यात तासन् तास उभी करून तळाशी किती पाणी जमते ते पाहावे. जे बदलले ते लपवू नये, पाटीवर लिहावे. आणि एवढे करण्याची ऐपत किंवा धीर नसेल, तर गाडी कोरड्या जमिनीवर सन्मानाने उभी ठेवावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या लोखंडी भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पण आपण तरी दुसरे काय करतो? काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट फासतो, किल्ल्याच्या बुरुजाला सिमेंट थापतो, जुन्या पुस्तकाला नवी रेक्झिनची बांधणी करतो आणि आतली पाने तशीच तुटत राहतात. समारंभ होतो, फोटो निघतात, नारळ फुटतो. फरक एवढाच, की देऊळ आणि पुस्तक आपली चूक मुकाट्याने सोसतात. पाणी सोसत नाही. ते थेट तळाशी जाऊन सैल पट्टी शोधून काढते.

तेव्हा, माझ्या मित्रा, रंग जरूर दे. पण त्याआधी एकदा गाडीखाली आडवा होऊन बघ.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)